जुन्या कॉम्प्युटरचं नाव

राजूरच्या सोनूबाई काकूंनी बियाण्याच्या दुकानासाठी नवा कॉम्प्युटर घेतला. लेकीचा, मोनिकाचा, नर्सिंगचा फॉर्म भरायची आज शेवटची तारीख, आणि तिचे सगळे दाखले जुन्या कॉम्प्युटरमध्ये. त्याला पेनड्राइव्ह चालेना, म्हणून मी जालन्यातल्या माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानातून फोनवर दोन्ही कॉम्प्युटर वायफायनं जोडून देत होतो.

"काकू, नव्यावर नेटवर्क उघडा. तिथं जुन्याचं नाव काय आलंय, सांगा."

"ते न्हाई सांगता येत, भाऊ."

म्हणजे दिसतच नाही, असं मी धरलं. राऊटर बंद-चालू करायला लावला, शेअरिंगची सेटिंग बदलायला लावली, जुना बिचारा तीनदा रीस्टार्ट केला. दर वेळी मी म्हणायचो, "आता सांगा नाव," आणि दर वेळी काकू म्हणायच्या, "न्हाई जमत, भाऊ."

शेवटी वैतागून गाडीला किक मारली आणि राजूरच्या गणपतीला निघालेल्या चतुर्थीच्या गर्दीतून वाट काढत गाव गाठलं. पाहतो तर नव्या स्क्रीनवर जुन्याचं नाव ठळक दिसत होतं: भुजंग. काकूंच्या मालकांनी हौसेनं स्वतःचंच नाव दिलं होतं त्याला.

"काकू, हे तर दिसून राह्यलं!"


काकूंनी पदर सावरला. "सकाळपासून दिसून राह्यलं. पण ह्यांचं नाव तसंच कसं घेऊ? तुम्ही एकदा तरी 'उखाणा घ्या' म्हणले का?"