विमानं मोजणारा सिदू

कोंडीबा यंदा भाकरीला हात लावेना.

मोडनिंबहून तो दरवर्षी गड्ड्याच्या जत्रेला सोलापुरात यायचा. बैलबाजार बघून झाला की दुपारी शुक्रवार पेठेत केराबाईच्या खोलीवर हजर. अकरा वर्षं हा नेम चुकला नव्हता. पहिल्या वर्षी त्यानं गल्लीच्या तोंडाशी "सिदूची आई कुटं ऱ्हाती?" एवढंच विचारलं होतं आणि गल्लीनं बोट करून दार दाखवलं होतं. बाईचं नाव कोण लक्षात ठेवतंय? पोर झालं की ती जन्मभर पोराची आई.

चौदा सालच्या मोठ्या लढाईत कोंडीबा आणि सिदू मजूर म्हणून इराकात बसऱ्याकडं गेले होते. लढाऊ विमानांच्या माळावर कामाला, एकाच तंबूत. कोंडीबा एकटाच परत आला. तिथल्या गोष्टी तो केराबाईला सांगायचा, पोटभर जेवायचा आणि जायचा.

"जेव की रं," केराबाई म्हणाली. "भोंग्याच्या आत निगायचं हाय तुला."

गिरणीचा भोंगा व्हायच्या आत ती त्याला वाटेला लावायचीच. एरवी जीव ओवाळून टाकील, पण त्या बाबतीत बाई घड्याळाहून कडक.

"आई, यंदा एक सांगायचं हाय," कोंडीबा खोकत म्हणाला. "पर त्ये ऐकलंस की तू मला परत दारात उभा करनार न्हाईस."

केराबाईनं ताट त्याच्याकडं सरकवलं. यंदा आपणही एक गोष्ट त्याला सांगून टाकायची, असं तिनं सकाळी भाकरी थापतानाच ठरवलं होतं.

"आदी माळाचं सांग," ती म्हणाली. "मग बोल काय त्ये."

त्यानं सांगितलं. तिला सगळं पाठ होतं, तरी ऐकलं. नदीकाठचा तो माळ मजुरांनी कुदळी मारमारून सपाट केला होता. रोज पहाटे त्यावर पाणी शिंपायचं, नाहीतर उतरणाऱ्या विमानाला धुळीत जमीन दिसायची नाही. विमानं चालवणारे साहेब म्हणजे मिसरूड न फुटलेली गोरी पोरं. उडायच्या आधी घरी धाडायची पत्रं सिदूच्या हातात द्यायची. खाली उतरली की हसत परत मागून घ्यायची. काही पत्रं मात्र कुणी मागायला यायचं नाही.

"साहेबानं 'सिदू' म्हून हाळी दिली की आमच्यातले चार सिदू पळत सुटायचे," कोंडीबा जरासा हसला. "पर पत्रं आपल्याच सिदूकडं. धनगराचं पोर त्ये! सांजच्याला मेंढरं मोजावी तशी इमानं मोजायचा. सा गेली न् पाच आली, की जेवायचा न्हाय. आभाळाकडं बगत माळावर उभा ऱ्हायाचा."

केराबाईनं पदर डोळ्यांना लावला. त्या उपाशी पोरासाठी दरवर्षी तिचं काळीज तुटायचं. तिची नजर समोरच्या खोलीकडं गेली. तिथं पूर्वी मायाक्का राहायची, तिची जिवाभावाची मैत्रीण. लढाई संपता संपता आलेल्या मानमोडीच्या तापाच्या साथीत दोन दिवसांत गेली. आता तिथं तेलुगू विणकराचं बिऱ्हाड होतं.

"बोल आता," ती म्हणाली.

कोंडीबानं मान खाली घातली. "सिदू तापानं गेला म्हून सांगत आलो. खोटं हाय त्ये. आदल्या दिशी दुश्मनानं माळावर बाँब टाकला व्हता. सकाळी पानी शिंपायची पाळी माजी. मला लई भ्या वाटलं. पोट दुकतंय म्हून सोंग केलं. सिदू म्हनला, पड तू, मी जातो. त्यो गेला न् माळावर परत बाँब पडला. गेला, त्यो गेलाच. माजं मरान त्यानं घेतलं, आई! न् मी हितं तुज्या हातचं खातोय. माजं आता काय खरं न्हाय. म्होरल्या गड्ड्याला आसंन, नसंन. मार मला, पर माफ कर."

त्यानं डोकं जमिनीला टेकवलं. चाळिशीचा बाप्या लहान पोरासारखा रडत होता.

केराबाईची गोष्ट ओठांवर आली होती. ती तिनं गिळली. आता ती सांगायची वेळ कायमची गेली होती.

तिनं त्याला उठवलं, चेहऱ्यावरून हात फिरवले आणि कडाकडा बोटं मोडली.

"हे बग, कोंडीबा. पोरानं दोस्ताचं काम अंगावर घेतलं. त्यात आईनं रागवायचं काय? सिदूच्या आईचा तुज्यावर राग न्हाय. तिनं तुला माफ केलंय."

"खरं?"

"खरं. आता भाकरी खा."

तो जेवला. मागून मागून जेवला. जाताना तिच्या पाया पडला आणि गल्लीतून ताठ मानेनं चालत गेला. केराबाई वळणापर्यंत बघत राहिली. मग उंबऱ्यात बसून तिनं मनसोक्त रडून घेतलं.

भोंगा झाला. गल्ली माणसांनी भरली. ती उठली, चूल फुंकली आणि तवा टाकला.

दारात चपला वाजल्या.

"आई, गेला व्हय तुजा पाव्हना?" आत येत सिदूनं विचारलं. "मायाक्काचा सिदू येगळा न् मी येगळा, सांगितलंस का यंदा तरी?"