सुन-बुनचं रताळं

संपादक प्योसाहेबांचा अंगठा टॅब्लेटवर भराभर चालला होता आणि समोर बसलेली लेखिका कुम-रान त्या अंगठ्याकडे टक लावून बघत होती.

भाग पास करायची प्योंची रीत बुचॉन शहरातल्या त्या ऑनलाइन चित्रकथांच्या स्टुडिओत सगळ्यांना पाठ होती. ते वाचत नसत. चित्रं वरून खाली सरकवत जायचे; अंगठा कुठं अडला नाही की भाग पास. अडला की म्हणायचे, "हे रताळं आहे." कोरडं, वाचकाच्या घशात बसणारं ते रताळं. गटागट उतरतो तो सोडा. प्योंना सोडा हवा असायचा.

तीन आठवड्यांपूर्वी अंगठा सुन-बुनवर अडला होता. कथेचा नायक रोक डोक्यावर हेल्मेट चढवून खेळाच्या खोट्या जगात शिरतो आणि राक्षस मारतो. ही म्हातारी तिथं त्याच्या जखमा बांधायची, बांधता बांधता चार शब्द बोलायची. कुम-राननं तिला आपल्या आईचे हात दिले होते. आखूड बोटं, करंगळी वाकडी. आईला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

"काढा हिला," प्यो म्हणाले होते. "एका चित्रात मारा. रोक रडत बसायला नको. लगेच पुढचा राक्षस."

"दोन चित्रं तरी द्या, साहेब."

"लेखिकाबाई, म्हातारीसाठी कोण थांबतंय?"

तिनं एका चित्रात मारली. जमिनीवर नुसता हात दिसला. मग वाचकांनी लिहिलं, पात्रं पुठ्ठ्याची आहेत आणि कथा मागे कुत्रं लागल्यासारखी पळतेय. प्योंनी भर बैठकीत त्याचं खापर कुम-रानवर फोडलं. "बाईंना माणसं उभीच करता येत नाहीत," म्हणाले, आणि दोघं-तिघं हसलेही. त्या दिवशी कुम-राननं ठरवलं, याला सोडायचं नाही.

आजचा भाग एकतिसावा. नेहमीसारखाच अगदी वेळेच्या काठावर आलेला. कथा शंभर भागांची ठरली होती, आणि तिच्यावरून खरा खेळ बनवणाऱ्या कंपनीची माणसं संध्याकाळी सही करायला येणार होती.

पहिल्या चित्रात रोक मनोऱ्याच्या दाराशी. तिसऱ्यात सर्वांत वरच्या मजल्यावर. सहाव्यात, ज्या महाराक्षसासाठी शंभर भाग राखून ठेवले होते, तो दोन तुकडे होऊन पडला. प्योंना सगळे राक्षस सारखेच.

"आता कसं," ते म्हणाले. "सोडा आहे, सोडा."

अर्ध्यातच त्यांनी बटण दाबलं, भाग वाचकांकडे सोडला आणि कॉफी घ्यायला उठले. रंग भरणाऱ्या ह्ये-जूनं मान वर केली नाही. तिनं तो भाग शेवटपर्यंत रंगवला होता.

कॉफी अर्धी व्हायच्या आत प्योंचा फोन वाजायला लागला. ते तसेच परत आले.

"खाली 'समाप्त' लिहिलंय. काय प्रकार आहे हा?"

"कथा संपली, साहेब. तुम्हाला घाई होती."

"आणि राक्षस मेल्यावर ही चाळीस चित्रं कसली?"

"बघा की."

आयुष्यात पहिल्यांदा प्यो हळू सरकवू लागले. रोकनं हेल्मेट काढलं. भिंतीपलीकडून खोकल्याचा आवाज आला. शेजारच्या खोलीत चटईवर त्याची आई बसली होती, मांडीवर तसलंच हेल्मेट. खेळात मेलेला माणूस खेळाबाहेर फेकला जातो, इतकंच. हे या धंद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. प्योंना तेवढंच आठवलं नव्हतं.

"मी मेले तेव्हा तू वळूनही बघितलं नाहीस," सुन-बुन मुलाला म्हणत होती. "बरं, जेवलास का?"

मग ती भाजलेलं रताळं सोलत होती. एका चित्रात साल. एका चित्रात वाफ. एका चित्रात तिनं मारलेली फुंकर. तलवार कुठंच नाही.

खाली वाचकांची रांग लागली होती. अशा बाईला एका चित्रात मारायची अक्कल कुणाची, असं कुणी तरी विचारलं होतं, आणि कुम-राननं त्याखाली प्योंचं पूर्ण नाव लिहिलं होतं.

"उतरव हा भाग. आत्ताच्या आत्ता."

"उतरवा तुम्ही. लोकांनी चित्रं कधीच उचलून ठेवलीत."

"तुझं काम गेलं, कळतंय? या शहरात तुला कुणी दारात उभं करणार नाही."

"कळतंय." तिची पिशवी सकाळपासूनच भरलेली होती.

प्यो आणखी काही बोलणार होते. पण चित्रात रताळं पुढं करणारा हात आला, करंगळी वाकडी, आणि त्यांचा अंगठा तिथंच थांबला. फोन वाजत राहिला.

कुम-राननं टेबलावरचा कागदी पेला त्यांच्यापुढं सरकवला.

"पाणी घ्या, साहेब," ती म्हणाली. "रताळं आहे."