हिरव्या पुड्या

"ही समुद्री शेवाळाची भुकटी खाल्ली की पोटातले चांगले जंतू पुष्ट होतात, मग रक्तातली साखर उतरते," असं सांगून कॉलेजच्या बाईंनी प्रयोगासाठी बाबल तांडेलला आणि त्याच्या बायकोला तीन महिन्यांच्या हिरव्या पुड्या दिल्या. एकाच्या पुड्यांत खरी भुकटी, दुसऱ्याच्या पुड्यांत नुसतं पीठ. कुणाला काय, ते शेवटी कळणार होतं.

"जंतू पोसायला माझंच पोट सापडलं काय!" असं पुटपुटत बाबल रोज सकाळी बायकोची पाठ वळली की आपली पुडी तिच्या नाचणीच्या आंबिलीत ढवळायचा आणि साळसूदपणे मिशीवरून हात फिरवायचा.

आज बाई रिपोर्ट घेऊन पडवीत बसल्या होत्या, चक्रावलेल्या. "काका, खरी भुकटी तुमच्या पुड्यांत होती, पण तुमची साखर जिथल्या तिथे. काकूंच्या पुड्यांत रंगवलेलं तांदळाचं पीठ, आणि साखर उतरली त्यांची! काकू, यंदा आंब्याची फोड खाल्लीत तरी चालेल."

बाबल चडफडला. बायको तोंडाला पदर लावून चहा ठेवायला आत पळाली.

तीन महिने आपल्याच वाटीतलं माशांचं कालवण एवढं दाट का लागत होतं, ते बाबलला आत्ता कळलं.