फुलांचा केर

ताडकळसच्या बागेत बहावा पाहायला सकाळपासून माणसं लोटली होती. सितारामराव मात्र लेकीला घरी न्यायला आले होते. सुकेशनी इथल्या शाळेत मास्तरीण. ती दर ऐतवारी बागेत झाडू मारते, हे परभणीत शेजाऱ्यानं कानावर घातलं आणि त्यांना अन्न गोड लागेना.

बाग गावकऱ्यांचीच. उकिरडा उचलून त्यांनी झाडं लावली होती आणि तेच हौसेनं राखत होते. उन्हाळा तापला की सगळी पिवळीधमक व्हायची. त्या पिवळ्या छायेत सुकेशनी पदर खोचून, खराट्यानं पाकळ्या ओढत होती.

"हे काय करायलीस?"

"झाडायलेय, आबा. लोक घसरतेत पाकळ्यांवरून."

"माझ्या मायनं ह्याच गावात दुसऱ्याची अंगणं झाडली. तिच्या हातातला खराटा सुटावा म्हणून मी शिकलो, तुला शिकवलं. अन् तू पुन्हा त्योच धरलास?"

त्यांचा आवाज चढला नाही. सुकेशनीला वाईट वाटलं. पण खराटा तिनं खाली ठेवला नाही.

"बसा जरा. माझी बाजू झाली की बोलू. पलीकडची बाजू बन्सीधर काका झाडायलेत."

"कोणचा बन्सीधर?"

सांगायची गरज पडली नाही. धोतराचे सोगे खोचून, कमरेत वाकून बन्सीधर समोरून झाडत येत होते. मायनं जन्मभर झाडलं ते अंगण यांच्याच बापाचं. सितारामराव जवळच्या बाकावर टेकले.

"काका, बाकाखाली लय राहिलंय बघा," सुकेशनी वर्गातल्या आवाजात म्हणाली.

"दिसलंय गं बाई. येतच हाय की."

धापा टाकत बन्सीधर बाकाजवळ आले. बसलेल्या माणसाकडे बघितलं, ओळखलं. मग घसा खाकरून म्हणाले, "सितारामराव, जरा पाय वर घेता का?"

त्या घरातून 'राव' ऐकायला सितारामरावांना म्हातारपण यावं लागलं. त्यांनी पाय उचलले. खाली खराटा सावकाश फिरत राहिला. पिवळ्या पाकळ्या गोळा करत बन्सीधर पार पुढच्या झाडापर्यंत गेले, तरी सितारामरावांचे पाय वरच होते.