गुरुवारचं टेबल

“आपलं माणूस दिसलं की मान हलवायची, पोरी. ओळख लागत नाही त्याला,” बाप सांगायचा.

व्हर्लीन ते विसरली नव्हती. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात, तिच्या ऑफिसच्या उंच इमारतीत कंपन्या पुष्कळ, पण काळं माणूस मजल्यामागे एखाददुसरंच. म्हणून दर गुरुवारी दुपारी ती खालच्या कॅन्टीनमध्ये मोठं टेबल धरून बसायची, घरी भाजलेला मक्याचा पाव घेऊन. सगळ्या मजल्यांवरच्या आपल्या माणसांना निरोप गेले होते. येत मात्र कुणी नव्हतं. दोन काळी माणसं एकत्र बसली की कुणीतरी गोरं माणूस हसत विचारायचंच, “काय, कसला कट शिजतोय?”

अकराव्या मजल्यावरचा थॅडियस ताट घेऊन टेबलाजवळून जायचा. ती मान हलवायची, तोही हलवायचा, आणि लांब खिडकीपाशी पाठ करून बसायचा.

आज तो थांबला. खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला.

“वाट चुकलास की काय रे?”

“शेवटचा दिवस आहे, ताई. नोकरी सोडली. आता कोण काय म्हणणार?”

तिनं पावाचा तुकडा त्याच्यापुढे सरकवला. “इतके दिवस नुसत्या वासावरच भागवलंस होय?”

तो हसला. तुकडा उचलला, पुन्हा ठेवला.

“एरवी मी वर जागेवरच जेवतो. गुरुवारी तेवढा खाली यायचो. भूक असायचीच असं नाही, ताई. आठवडाभर माझ्याकडे बघून मान हलवणारं वर कुणी नाही. तुम्ही हलवायचात. तेवढ्यासाठी यायचो.”