पथ्याची भाकरी

सेलूच्या डॉक्टरांनी लिंबाजीचं नगाऱ्यासारखं फुगलेलं पोट बोटांनी वाजवून पाहिलं आणि त्याच्या बायकोकडं, कोकिळेकडं वळले. "हरभरा बंद, वाटाणा बंद सांगितलं होतं ना? खायला काय घालता?"

"ज्वारीची भाकर, मुगाचं वरण अन् ताक. दुसरं काय बी न्हाई," सासू कमलबाईच आधी बोलल्या. "लय जपती हो त्याला. ह्यानं लाथ घालून तिची बरगडी मोडली, तवा बी पथ्य चुकू दिलं न्हाई तिनं."

डॉक्टरांनी नवं औषध लिहून दिलं. चार दिवसांत हिंडायला लागेल, म्हणाले.

घरी ऑटोतून उतरताना कोकिळेच्या खांद्यावर सगळा भार टाकत लिंबाजी दातओठ खाऊन म्हणाला, "चारचौघांत माझी इज्जत घालवली. उठू दे मला, दुसरीकडची बी मोडतो." मग बाजेवर पडून तो कण्हायला लागला.

कोकिळेनं ज्वारीचं दळण काढलं. ते पाखडता पाखडता तिला राणीसावरगावचा, माहेरचा मारका बैल आठवला. दोन गड्यांना त्यानं शिंगावर घेतलं होतं. पण ओला घास जास्त खाऊन पोट फुगलं की तोच बैल दावणीला मुकाट उभा राहायचा, आणि लहानगी कोकिळा त्याच्या पायांखालचं शेण बिनघोर ओढायची.

 

दर वेळेसारखीच दळणात दोन ओंजळी हरभऱ्याची डाळ मिसळून तिनं डबा गिरणीला नेला.