उसना टाय

टाय राजरत्नचा होता आणि गळा राजसचा.

"यूट्यूबवर बघून चारदा बांधला यार, राज. नुसता फास बसतो," राजस म्हणाला. "तूच बांध."

राजस कंपनीचा मालक. वय एकतीस. अंगात नवाकोरा काळा सूट. औषधं घरपोच पाठवणाऱ्या त्याच्या या लोअर परळच्या काचेच्या ऑफिसात त्याला सूटमध्ये आजवर कोणी पाहिलं नव्हतं. पैसे गुंतवणाऱ्यांसमोरही तो चड्डीत बसे. त्याच्या टी-शर्टला मुद्दाम भोकं पाडलेली असत आणि दर भोकागणिक किंमत चढत जाई. आज सूट आणला, टाय आणायचा राहिला. मग राजरत्नची आठवण झाली. त्याच्या खणात एक जादा टाय असतो, हे सगळ्या मजल्याला ठाऊक होतं.

गंमत अशी, की राजरत्न स्वतः आज टायमध्ये नव्हता. सात वर्षांत पहिल्यांदाच तो गोल गळ्याचा टी-शर्ट घालून आला होता. दादरला रानडे रोडवर घेतलेला. छातीवरची घडी अजून मोडली नव्हती.

त्याला कारण एचआरची आरोही. चार दिवसांपूर्वी तिने त्याला कॉफीला बोलावलं होतं. "राज, ऑपरेशन्स हेडसाठी तुझं नाव चाललंय. पण तू टाय लावून बसतोस ना, पोरांना परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. राजसला कल्चर फिट माणूस हवाय. थोडा लूज हो ना रे. शुक्रवारी फायनल सांगतो आम्ही." ती राजरत्नपेक्षा वीस वर्षांनी लहान. पण या ऑफिसात सगळेच एकमेकांना अरेतुरे करत, आणि त्याला समानता म्हणत.

आज तो शुक्रवार होता.

कपड्यांचा एक हिशेब असतो, तो कोणी उघड मांडत नाही. ज्याच्या आजोबांची शिवाजी पार्कला बिल्डिंग, तो चड्डीत आला की साधा ठरतो. ज्याचा बाप डिलाईल रोडच्या चाळीतून गिरणीत गेला, तो टाय लावून आला की ताठ ठरतो. लायसनसाठी सरकारी कचेरीत जायचं असलं, की मात्र भोकाचा टी-शर्ट मागे राही आणि टाय पुढे जाई. तिथे हा ताठपणा कंपनीला चालत असे.

सकाळी निघताना राजरत्नचे वडील, रामजी, चाळीच्या गॅलरीत बसले होते.

"आज सुट्टी काय रे?"

"नाय बाबा. हापिसलाच चाललोय."

मुलगा बी.कॉम. झाला तेव्हा त्याचा पहिला सूट रामजींनीच शिवून घेतला होता. म्हातारा टी-शर्टकडे बघत राहिला. "माझ्या बापाने गावात पांढरंशुभ्र धोतर नेसलं, तर चारचौघांत मार देऊन उतरवायला लावलं त्याला. तू आपणहून उतरवलंस होय?"

"जाऊ द्या ना बाबा," त्याची बायको दीपिका आतून म्हणाली. "एकदा हेड होऊ दे त्यांना. मग घालतील पाहिजे ते."

राजरत्न जिना उतरला होता.

दुसऱ्याच्या गळ्यात टाय बांधताना हात उलटे पडतात. म्हणून राजरत्नने तो आधी आपल्याच गळ्यात, टी-शर्टवरून बांधला. काचेपलीकडे कोणीतरी फिसकन हसलं.

"बाहेरचे कोणी येणारेत का सर?" सर म्हणणारा मजल्यावर तो एकटाच.

"नाही रे. आपल्यातलंच आहे. म्हणजे, तुझंच आहे."

राजरत्नची बोटं क्षणभर थांबली आणि मग भराभर चालू लागली. तुझंच! एवढ्या मोठ्या जागेवर माणूस बसवायचा, तर मालकालाही वाटलं असणार, आज जरा रीतसर यावं. आणि नेमके आपण आज असे. त्याला ओशाळल्यासारखं झालं. तरी घरी फोनवर काय सांगायचं, ते त्याने मनात जुळवून टाकलं. बाबा, मालक स्वतः सूट घालून आला होता.

त्याने गाठ सैल केली, टाय डोक्यावरून काढला, राजसच्या गळ्यात घातला आणि हलकेच वर सरकवला. कॉलर बसवली. खांद्यावर पडलेला एक दोरा उचलला.

"सुपर," राजस काचेत बघून म्हणाला.

तेवढ्यात आरोही आत आली. एरवी फाटक्या जीन्समध्ये वावरणारी, आज तीही काळ्या जॅकेटात. तिने दार लावून घेतलं आणि राजसशेजारी जाऊन बसली. राजरत्नने टी-शर्ट खाली ओढून सारखा केला. छातीवरची घडी तळहाताने दाबून पाहिली. ती जाईना.

"बस, राज," राजस म्हणाला. "ऑपरेशन्स आपण बँगलोरला हलवतोय. हेड पण तिकडचाच घेतलाय. तुझं इथलं काम आजपासून संपलं. सॉरी यार."

राजरत्न बसला. त्याने राजसच्या गळ्यातल्या टायकडे पाहिलं.

"मग हा सूट कशाला, सर?"

राजसने आरोहीकडे पाहिलं. सांगायला हरकत नाही, असा तिने चेहरा केला.

"वकिलांनी बजावलंय," राजस म्हणाला. "माणसाला काढताना नीट कपड्यांत बसायचं. टी-शर्टात बसून सांगितलं, तर समोरच्याला अपमान वाटतो."